अमेरिकेत स्वतःच्या जागेवर घर बांधताना साहित्याचा आणि खर्चाचा अंदाज कसा काढावा

अमेरिकेत जमीन घेऊन त्यावर आपल्या मनासारखे घर बांधायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘चौरस फुटाला काय भाव पडतो?’ हाच असतो. नाशिक-नागपूरकडे ठेकेदाराला जो प्रश्न विचारायची सवय असते, तोच रॅले, ऑस्टिन किंवा न्यू जर्सीतल्या बिल्डरला विचारला जातो आणि तोही एक आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्याच्या भरवशावर कर्जाचा अर्ज भरू नये. त्यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे हे कळेपर्यंत दोन बिल्डरांची तुलना करण्यापुरताही तो उपयोगी पडत नाही. ज्याला खरा अंदाज हवा आहे त्याने जमीन, बांधकाम आणि बांधकामाबाहेरचे खर्च असे तीन हिशेब वेगळे मांडावेत आणि बांधकामाची मापे नकाशावरून स्वतः काढावीत. त्यासाठी सिव्हिल इंजिनिअर असण्याची गरज नाही. शाळेतले क्षेत्रफळ-घनफळाचे गणित, एक स्प्रेडशीट आणि मापासह काढलेले नकाशे एवढे पुरते. स्वतःचे अंदाजपत्रक बिल्डरच्या अंदाजाइतके अचूक येणार नाही, पण बिल्डरने दिलेला कागद नीट वाचता येण्याइतकी समज त्यातून नक्की येते, आणि पैसे वाचतात ते त्या वाचण्यातूनच.

चौरस फूट नेमका कोणता?

आपल्याकडे कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यांचा घोळ सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतला घोळ वेगळा आहे. तेथे चौरस फुटाचा भाव साधारणपणे राहण्यायोग्य, म्हणजे गरम-थंड हवेची सोय असलेल्या आणि आतून पूर्ण केलेल्या क्षेत्रफळावर सांगितला जातो. गॅरेज, उघडा ओटा, मागचा डेक आणि अर्धवट ठेवलेले तळघर त्या क्षेत्रफळात मोजले जात नाही. मात्र ते बांधायला पैसे लागतातच. त्यामुळे दोन गाड्यांचे गॅरेज असलेल्या आणि नसलेल्या सारख्याच क्षेत्रफळाच्या घरांचे भाव एकमेकांशी ताडून पाहणे निरर्थक ठरते.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ होम बिल्डर्स या बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या पाहणीत सरासरी २,६४७ चौरस फुटांच्या घराचा बांधकाम खर्च सुमारे ४,२८,००० डॉलर, म्हणजे चौरस फुटाला साधारण १६२ डॉलर आला. हा आकडा वाचून अनेक जण २,५०० ला १६२ ने गुणतात आणि निश्चिंत होतात. परंतु त्याच पाहणीत घराची सरासरी विक्री किंमत सुमारे ६,६५,००० डॉलर होती आणि बांधकाम खर्च हा तिचा फक्त ६४.४ टक्के भाग होता. विकसित प्लॉटचे १३.७ टक्के होते, बिल्डरचा कार्यालयीन खर्च ५.७ टक्के आणि नफा ११ टक्के होता. म्हणजे बिल्डरचे व्यवस्थापन आणि नफा मिळूनच बांधकाम खर्चावर जवळपास २६ टक्के चढतात आणि १६२ चे २०० च्या पुढे जातात, तेही जमिनीचा एक पैसा न धरता. शिवाय ही देशभरातली सरासरी आहे, आणि बरीचशी वसाहतीत एकसारखी घरे बांधणाऱ्या बिल्डरांची. एकट्या घरासाठी एकदाच माल मागवणाऱ्या माणसाला तो भाव मिळेल असे गृहीत धरू नये.

या पाहणीचा खरा उपयोग टक्क्यांसाठी करावा. बांधकाम खर्चाचे १०० भाग केले तर जमिनीची तयारी आणि परवाने यांना साधारण ८, पायाला साडेदहा, लाकडी सांगाड्याला साडेसोळा, बाहेरच्या आवरणाला साडेतेरा, नळ-वीज-वातानुकूलन यांना १९, आतल्या सजावटीला २४ आणि अंगण, ड्राइव्ह-वे यांसारख्या शेवटच्या कामांना साडेसहा भाग लागले, उरलेले किरकोळ. आपल्या अंदाजपत्रकात पाया ५ टक्क्यांवर आला असेल किंवा आतली सजावट १२ टक्क्यांवर बसली असेल, तर काहीतरी मोजायचे राहिले आहे हे लगेच लक्षात येते.

जमीन विकत घेण्याआधीचा हिशेब

घराचे साहित्य मोजता येते, पण जमिनीखाली काय आहे ते नकाशावर दिसत नाही, म्हणून अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो इथे. माझे स्पष्ट मत असे आहे की जमिनीच्या खरेदीच्या करारात तपासणीची मुदत ठेवून घ्यावी आणि त्या मुदतीत मातीची चाचणी, सर्वेक्षण आणि सांडपाण्याची शक्यता या तीन गोष्टींवर पैसे खर्च करावेत. स्वस्त प्लॉट अनेकदा याच तीन कारणांमुळे स्वस्त असतो.

सार्वजनिक गटारवाहिनी नसेल तर सेप्टिक यंत्रणा बसवावी लागते आणि तिच्यासाठी जमिनीत पाणी किती वेगाने मुरते याची चाचणी होते. चिकण मातीत ही चाचणी नापास झाली तर साध्या यंत्रणेऐवजी कितीतरी महाग यंत्रणा लागते, किंवा तेथे घरच बांधता येत नाही. पाण्याची नळयोजना नसेल तर बोअर घ्यावी लागते. तिचा दर फुटावर असतो आणि खोली आधी सांगता येत नाही, म्हणून शेजारच्या प्लॉटवरच्या विहिरींच्या नोंदी काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) किंवा राज्याच्या कार्यालयातून पाहून घ्याव्यात. दोन्ही वाहिन्या रस्त्यावर असल्या तरी त्यांना जोडून घेण्याचे शुल्क नगरपालिका आकारते, आणि काही गावांत शाळा, रस्ते, उद्याने यांच्यासाठी विकासशुल्कही वेगळे असते. हे आकडे त्या त्या गावाच्या संकेतस्थळावर छापील मिळतात. अंदाजपत्रकात सर्वांत आधी तेच भरावेत, कारण त्यांत घासाघीस होत नाही.

पायाचा प्रकार माती आणि थंडी ठरवते. पायाचा तळ हिवाळ्यात माती गोठते त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटात ही खोली ४२ ते ६० इंच धरतात, तर उत्तर कॅरोलिनाच्या मध्यभागात १२ इंच पुरतात. जिथे पाच फूट खणावेच लागते तिथे आणखी तीन फूट खणून तळघर करणे परवडते, म्हणून उत्तरेकडच्या घरांना तळघर असते. टेक्सासच्या मोठ्या भागात माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिथे ताणलेल्या पोलादी केबल घातलेला स्लॅब लागतो आणि त्याचे आरेखन अभियंत्याकडून करून घ्यावे लागते. त्यामुळे डॅलसच्या मित्राच्या पायाचा खर्च मिनियापोलिसच्या घराला लावता येत नाही. खडकाबद्दलही एक वाक्य करारात हवे. खडक लागला तर फोडण्याचा दर घनयार्डाला (२७ घनफुटांना) किती, हे आधीच लिहून घेतले नाही तर तो दर खड्डा अर्धा खणून झाल्यावर ठरतो, आणि तेव्हा ‘नको’ म्हणण्याची सोय उरत नाही.

नकाशावरून मापे काढणे

उदाहरणादाखल एक साधे दुमजली घर घेऊ. खालचा मजला ४० फूट बाय ३० फूट, वरचाही तेवढाच. राहण्याचे क्षेत्रफळ २,४०० चौरस फूट, आणि बाजूला २० बाय २२ फुटांचे गॅरेज. ठिकाण उत्तर कॅरोलिनातल्या रॅलेजवळचे धरू, म्हणजे तळघर नाही, कडेने जाड केलेला एकसंध काँक्रीट स्लॅब आहे.

काँक्रीट येथे घनयार्डाने विकले जाते. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. ज्यांना ब्रासची सवय आहे त्यांनी एक ब्रास म्हणजे सुमारे ३.७ घनयार्ड असे मनात ठेवावे. चार इंच जाडीचा स्लॅब एका घनयार्डात ८१ चौरस फूट होतो. आपला १,२०० चौरस फुटांचा स्लॅब १४.८ घनयार्ड. घराच्या कडेची लांबी १४० फूट. तिथे स्लॅबखाली एक फूट रुंद आणि १६ इंच खोल अशी जादा कड धरली तर आणखी ६.९ घनयार्ड. बेरीज २१.७, आणि जमीन वरखाली असल्याने व सांडलवंड होत असल्याने ८ टक्के वाढवून २३.५ घनयार्ड. काँक्रीटचा एक ट्रक साधारण १० घनयार्ड आणतो. म्हणजे दोन ट्रक भरून येतील आणि तिसरा साडेतीन घनयार्डच घेऊन येईल, व अपुऱ्या ट्रकसाठी बहुतेक पुरवठादार वेगळे शुल्क लावतात. गॅरेजच्या फरशीचे ४४० चौरस फूट, म्हणजे सुमारे ६ घनयार्ड, त्याच दिवशी ओतायचे ठरवले तर तिसरा ट्रकही जवळजवळ भरून येतो. चौरस फुटाच्या भावात अशा गोष्टी कधी दिसत नाहीत. माप काढले की त्या आपोआप समोर येतात.

आता सांगाडा. येथील घरे विटांची दिसली तरी बहुतेक वेळा वीट हे केवळ बाहेरचे आवरण असते आणि भार लाकडी सांगाडा पेलतो. उभ्या लाकडांना स्टड म्हणतात. दोन बाय चारचा स्टड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतो, पण लाकडाचा हिशेब बोर्ड फुटात होतो आणि तो नावाच्या मापावर, म्हणजे दोन बाय चारवरच करतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. या हिशेबाने आठ फुटी दोन बाय चार ५.३३ बोर्ड फूट आणि दोन बाय सहा ८ बोर्ड फूट होतो.

आपल्या घराच्या बाहेरच्या भिंती दोन मजल्यांवर मिळून २८० फूट आहेत आणि आतल्या भिंती नकाशावरून मोजल्यावर ३२० फूट निघाल्या असे समजू. स्टड १६ इंचांवर उभे करतात, त्या हिशेबाने ६०० फुटांना ४५० स्टड पुरायला हवेत. पण कोपरे, भिंतींचे जोड, दारे-खिडक्यांच्या चौकटी यांना जादा लागतात, म्हणून भिंतीच्या प्रत्येक फुटाला एक स्टड हा सुतारांचा जुना ठोकताळा वापरावा आणि ६०० धरावेत. प्रत्येक भिंतीला खाली एक आणि वर दोन आडव्या पट्ट्या लागतात. त्या १,८०० फूट, तुटफुटीसह १,९००. बाहेरच्या भिंती दोन बाय सहाच्या आणि आतल्या दोन बाय चारच्या केल्या तर स्टडचे सुमारे ३,९५० बोर्ड फूट होतात. मजल्याच्या तुळया, छताचे त्रिकोणी ट्रस, आडव्या पट्ट्या, पायऱ्या सगळे धरल्यावर एवढ्या आकाराच्या घराला साधारण १५,००० बोर्ड फूट लाकूड लागते.

हा आकडा हाताशी असण्याचे महत्त्व २०२१ मध्ये अनेकांना कळले. त्या वर्षीच्या मे महिन्यात लाकडाचा वायदेभाव हजार बोर्ड फुटांना १,६०० डॉलरच्या पुढे गेला होता. महामारीच्या आधी तो साधारण ४०० च्या आसपास असे. आपल्या घराला १५,००० बोर्ड फूट लागणार हे माहीत असेल तर भाव हजाराला १०० डॉलरने वाढला की आपला खर्च दीड हजार डॉलरने वाढतो, एवढा साधा हिशेब करता येतो, आणि बिल्डर ‘लाकूड महागले’ म्हणून दहा हजार मागत असेल तर त्याला शांतपणे आकडेवारी विचारता येते. करारात भाववाढीचे कलम असेल तर ते कोणत्या तारखेच्या भावापासून मोजायचे आणि भाव उतरल्यास पैसे परत मिळणार का, हेही त्यात लिहिलेले असावे.

भिंतींवर बाहेरून लावायचे ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते चार बाय आठ फुटांचे, म्हणजे ३२ चौरस फुटांचे असतात. १४० फूट कड आणि सुमारे १९ फूट उंची धरल्यास २,६६० चौरस फूट होतात. खिडक्या वजा न करता ८ टक्के वाढवले की ९० तक्ते. खिडक्यांचे क्षेत्रफळ वजा करण्याचा मोह आवरावा, कारण कापून निघालेल्या तुकड्यांतले फारच थोडे पुन्हा वापरता येतात.

छताच्या बाबतीत उतार किती आहे यावर बरेच अवलंबून असते. एक फुटाची पुढे आलेली वळचण धरून आपल्या घराचे छत वरून ४२ बाय ३२, म्हणजे १,३४४ चौरस फूट दिसते. बारा इंचांना सहा इंच चढणारा उतार असेल तर त्याला १.११८ ने गुणावे. १,५०३ चौरस फूट येतात. बारा इंचांना बारा इंच असा उभा उतार हवा असेल तर गुणक १.४१४ होतो आणि क्षेत्रफळ १,९०० वर जाते. म्हणजे घर तेवढेच, पण छप्पर चतुर्थांशाहून अधिक मोठे, आणि उभ्या छतावर काम करायला मजुरीही जास्त. शिंगल, म्हणजे छतावर एकावर एक चढवून लावायच्या पातळ पट्ट्या, येथे १०० चौरस फुटांच्या ‘स्क्वेअर’ने मोजतात, बहुतेक शिंगलचे तीन गठ्ठे एका स्क्वेअरला लागतात, आणि साध्या दोन बाजूंच्या छताला १० टक्के, कोपऱ्याकोपऱ्यांवर वळणाऱ्या छताला १५ टक्के जादा धरतात. सहा-बारा उताराला आपले १६.५ स्क्वेअर, म्हणजे ५० गठ्ठे. गॅरेजचे छत याच रीतीने वेगळे मोजावे.

आतून भिंतींना आणि छताला गिलाव्याऐवजी ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समचे तक्ते लागतात. आठ फूट उंचीला बाहेरच्या भिंतींची आतली बाजू २,२४०, आतल्या भिंतींच्या दोन्ही बाजू ५,१२० आणि छत २,४०० मिळून ९,७६० चौरस फूट होतात. चार बाय बारा फुटांचे तक्ते १० टक्के जादा धरून सुमारे २२४ लागतील. रंगाचा एक गॅलन साधारण ३५० चौरस फुटांना पुरतो, म्हणून एका हाताला २८ गॅलन. प्रायमर आणि दोन हात गृहीत धरावेत. फरशीच्या लाद्यांना १० टक्के आणि तिरप्या मांडणीला १५ टक्के जादा लागतात. बाकीच्या वस्तूंना, म्हणजे दारे, खिडक्या, कपाटे, नळ यांना क्षेत्रफळाचा उपयोग नाही. नकाशातल्या तक्त्यावरून त्या एकेक मोजाव्यात.

मापे झाल्यावर भाव कुठून आणायचे हा प्रश्न उरतो. होम डेपो किंवा लोज या बांधकाम साहित्याच्या दुकानांच्या संकेतस्थळावरचे किरकोळ भाव पहिल्या फेरीला चालतात. त्यानंतर मात्र गावातल्या लाकडाच्या वखारीकडे, म्हणजे लंबरयार्डकडे, नकाशे घेऊन जावे; अनेक वखारी गिऱ्हाईक मिळावे म्हणून नकाशांवरून साहित्याची पूर्ण यादी स्वतःच काढून देतात. ती यादी आपल्या यादीशेजारी ठेवून वाचल्यास आपले काय सुटले ते दिसते. मजुरीसह दर हवे असतील तर आरएसमीन्स किंवा नॅशनल कन्स्ट्रक्शन एस्टिमेटर यांसारखी दरवर्षी निघणारी दरपुस्तके आहेत. त्यांत शहराप्रमाणे गुणकही दिलेले असतात. मजुरीची जागा अंदाजपत्रकात मोठी असते हे भारतातून आलेल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावे. गवंडी, सुतार किंवा रंगाऱ्याला रोजावर बोलावून चार दिवस जास्त काम करून घेण्याची पद्धत तेथे परवडणारी नाही, आणि नंतर भिंत सरकवणे हा किरकोळ बदल राहत नाही.

साहित्यावर विक्रीकर धरायलाही विसरू नये. ऑरेगन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअरमध्ये तो नाही. टेक्सासमध्ये राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक धरून ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो.

स्वयंपाकघर, न्हाणीघरे आणि आतली यंत्रणा

आपल्या घरांच्या गरजा सरासरी अमेरिकन घरापेक्षा थोड्या निराळ्या असतात आणि त्या नकाशाच्या टप्प्यावरच लिहून द्याव्या लागतात. फोडणीचा धूर आणि वास बाहेर जावा म्हणून शेगडीवरचा हूड बाहेर हवा सोडणारा हवा. स्वस्त बिल्डर घरातच हवा फिरवणारा बसवतात. हूडची क्षमता मिनिटाला ४०० घनफुटांच्या पुढे गेली की अनेक ठिकाणच्या नियमांनुसार घरात तेवढी ताजी हवा आत आणण्याची व्यवस्था करावी लागते, आणि हिवाळ्यात ती हवा गरमही करावी लागते. म्हणजे मोठ्या हूडचा खर्च हूडच्या किमतीवर थांबत नाही; पाइप, छताला किंवा भिंतीला पाडलेले भोक, झडपा आणि वीज यांचाही असतो. स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला लागून ठेवले तर हा पाइप आखूड राहतो. भारतातून आई-वडील येऊन काही महिने राहणार असतील तर खालच्या मजल्यावर झोपण्याची खोली आणि पूर्ण न्हाणीघर आत्ताच धरावे. हे न्हाणीघर वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली किंवा स्वयंपाकघराच्या पाठीला आले तर नळ आणि सांडपाण्याचे पाइप बरेच वाचतात. संडासाजवळ विजेचा सुरक्षित प्लग ठेवायला बांधकाम चालू असताना फारच थोडे पैसे लागतात, आणि पुढे बिडे, म्हणजे पाण्याने धुण्याची सोय बसवताना भिंत फोडावी लागत नाही.

निविदा वाचताना

तीन बिल्डरांकडून लेखी निविदा घ्याव्यात आणि तिघांनाही तेच नकाशे व तेच वस्तूंचे वर्णन द्यावे. निविदेतला जो भाग मी सर्वांत आधी वाचतो तो अलाउन्सचा. जी वस्तू अजून निवडलेली नाही तिच्यासाठी बिल्डर एक रक्कम धरतो: कपाटे इतके, ग्रॅनाइट इतके, दिवे इतके, फरशी चौरस फुटाला इतके. समजा दिव्यांना ३,००० डॉलर धरले आहेत. आपल्या घरात १५ ठिकाणी छतात बसणारे दिवे, जेवणाच्या टेबलावरचे झुंबर, देवघरातला दिवा, बाहेरचे चार दिवे आणि सहा पंखे असतील, तर दुकानात जाऊन ती यादी एकदा जोडून पाहावी. बेरीज ६,००० आली तर निविदा तीन हजारांनी कमी लिहिलेली आहे असे समजावे. असेच कपाटांचे, फरशीचे आणि उपकरणांचे करावे. कमी अलाउन्स लिहून निविदा स्वस्त दाखवता येते, म्हणून तिन्ही निविदांत आपण काढलेले खरे आकडे भरून मगच त्यांची तुलना करावी; अनेकदा सर्वांत स्वस्त दिसणारी निविदा तिसऱ्या क्रमांकावर जाते. अलाउन्समध्ये बसवण्याची मजुरी आणि कर धरला आहे का, आणि त्यापेक्षा जास्त झालेल्या रकमेवर बिल्डर आपले टक्के लावणार का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

यानंतर निविदेत काय नाही ते शोधावे. ड्राइव्ह-वे, कुंपण, हिरवळ, पावसाच्या पाण्याचे पन्हाळ, खिडक्यांचे पडदे, फ्रिज आणि वॉशिंग मशीन, पत्रपेटी, रस्त्यापासून घरापर्यंत विजेची तार, उरलेला माल हलवणे, या गोष्टी एखाद्या निविदेत असतात आणि दुसरीत नसतात.

नकाशे आणि वस्तूंची यादी पूर्ण झाली असेल तर ठरलेल्या रकमेचा करार करावा. प्रत्यक्ष खर्च अधिक टक्केवारी असा करार करायचाच असेल तर कमाल मर्यादा लिहून घ्यावी. मर्यादा नसलेल्या अशा करारात खर्च वाढला की बिल्डरची कमाईही वाढते, आणि मला तो कोणालाही सुचवावासा वाटत नाही.

बांधकामाबाहेरचे पैसे

आर्किटेक्ट, अभियंता, सर्वेक्षण, परवाना आणि बांधकाम चालू असतानाचा विमा हे खर्च बिल्डरच्या निविदेत बहुधा नसतात. परवान्याचे शुल्क कित्येक गावे घराच्या अंदाजित किमतीवर काढतात, आणि त्यासाठी इंटरनॅशनल कोड कौन्सिलचा वर्षातून दोनदा निघणारा चौरस फुटाचा तक्ता वापरतात. तो तक्ता परवान्यासाठी आहे. त्यावरून घराचा खर्च काढू नये.

राज्याचे नियमही पाहावेत. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घरांत आग विझवणारे फवारे आणि २०२० पासून सौर पॅनेल बंधनकारक आहेत. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात न फुटणाऱ्या खिडक्या किंवा झडपा लागतात.

बांधकाम कर्जाचे व्याज हा असा खर्च आहे जो फार जण विसरतात. बँक रक्कम टप्प्याटप्प्याने देते आणि दिलेल्या रकमेवरच व्याज घेते. समजा पाच लाख डॉलरचे कर्ज, ८ टक्के व्याज आणि बारा महिन्यांचे काम. पैसे सारख्या गतीने उचलले गेले तर सरासरी अडीच लाखांवर व्याज लागेल, म्हणजे २०,००० डॉलर. पण काम तीन महिने लांबले तर त्या वेळी सगळे पाच लाख उचललेले असतात, म्हणून महिन्याला ३,३३३ प्रमाणे आणखी १०,००० जातात, आणि चालू घराचे भाडे त्याशिवाय. कर्ज किती मिळेल हेही केवळ खर्चावर ठरत नाही. बँक तयार घराची किंमत आजूबाजूच्या विकलेल्या घरांवरून ठरवते. लहान घरांच्या वस्तीत मोठे आणि महाग घर बांधल्यास खर्च आणि ही किंमत यांतला फरक स्वतःच्या खिशातून रोख भरावा लागतो.

भारतातून येणारी रक्कम

पुण्यातला फ्लॅट विकून किंवा आई-वडिलांच्या मदतीने पैसे आणायचे असतील तर त्याची तयारी पाया खणण्याच्या बरीच आधी करावी. अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीच्या त्याच्या रुपयांच्या खात्यातून, कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते; त्यासाठी आयकर खात्याला कळवण्याचा नमुना आणि चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. त्यावर मर्यादेपुढे कापला जाणारा टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँकेने आगाऊ घेतलेला कर, नंतर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रोकड अडकते, ती अंदाजपत्रकात धरावी. एका वर्षात परदेशी व्यक्तीकडून एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर अमेरिकेत ३५२० क्रमांकाचा नमुना भरून कळवावे लागते. कर लागला नाही तरी न कळवल्यास दंड मोठा आहे. रुपया घसरू शकतो, म्हणून आजच्या दरावर संपूर्ण रकमेचा हिशेब करू नये.

राखीव रक्कम आणि चालू हिशेब

सपाट जमिनीवरच्या साध्या घराला बांधकाम खर्चाच्या १० टक्के आणि उताराच्या, खडकाळ किंवा सेप्टिकच्या जमिनीला १५ टक्के राखीव ठेवावेत असे मी सुचवेन. ही रक्कम अलाउन्स भरून काढण्यासाठी नाही. आवडलेल्या महाग लाद्यांसाठी ती पायाच्या आधीच संपली, तर खडक लागल्यावर हाताशी काही राहत नाही.

काम सुरू झाल्यावर स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ओळीला चार रकाने ठेवावेत: आपला अंदाज, करारातली रक्कम, मंजूर केलेले बदल आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे. कोणताही बदल किमतीसह आणि वाढणाऱ्या दिवसांसह लिहून, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय सुरू करू देऊ नये. साइटवर तोंडी दिलेला होकार महिन्यानंतर बिलात येतो. बँकेचा प्रत्येक हप्ता सोडताना बिल्डरकडून आणि मोठ्या उपठेकेदारांकडून पैसे मिळाल्याचे व घरावर दावा सोडल्याचे पत्र घ्यावे, कारण बिल्डरने लाकडाच्या वखारीचे पैसे थकवले तर वखारवाला कायद्याने आपल्या घरावर बोजा चढवू शकतो, आपण बिल्डरला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. शेवटचे १० टक्के अंतिम तपासणी, राहण्याचा दाखला आणि उरलेल्या दुरुस्त्यांची यादी पूर्ण झाल्यावरच द्यायचे, असे करारातच लिहून घ्यावे.